खालून दिलेली हाक

झाडावर माणूस असताना त्याला खालून हाक मारायची नाही. आमच्या बागेत हा नियम २०१८ पासून आहे आणि तो माझ्यामुळे करावा लागला.

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, सड्यावर. सासऱ्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, खालच्या वाडीतून डोक्यावरून माती आणून ते भरले आणि हापूसची दीडशे कलमं लावली. मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. सासरे थकले, ह्यांची नोकरी मुंबईला, तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाग मी हातात घेतली. फवारणी, खतं, हजेरी, वाशीच्या दलालाशी बोलणं, सगळं शिकले. झाडावर चढायला मात्र शिकले नाही. त्यामुळे काढणीच्या दिवसांत माझी जागा कायम खाली आणि माझं काम खालून सांगायचं. त्या शेंड्याला चार आहेत, डावीकडच्या फांदीमागे तीन राहिलेत. वर पानांत शिरलेल्या माणसाला आंबा दिसत नाही, खालच्याला दिसतो. म्हणून प्रत्येक बागेत असं खालून सांगणारं कोणीतरी असतंच.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया १८ एप्रिलला होती. तिच्या आधीचा आठवडा म्हणजे बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. मुंबईला माल लागतो, भाव बरा असतो आणि जी पेटी आज गाडीत चढली नाही तिला चार दिवसांनी तो भाव मिळत नाही. आमच्या फाट्यावरून गाडी साडेसहाला निघायची.

भाऊ शेजारच्या वाडीतले. चौदा वर्षं आमच्याकडे काढणीला येत होते. सगळी वाडी त्यांना भाऊच म्हणते, मीही तेच म्हणते. कुठली फांदी किती भार सोसेल ते त्यांना तळपायाला कळायचं. सकाळी सातपासून ते झाडावर होते, मध्ये जेवणापुरते उतरले तेवढेच. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या कोठीच्या, पडवीत बायका पेंढा घालून पेट्या भरत होत्या. पाच डझनांच्या शेवटच्या पेटीला नऊ-दहा आंबे कमी पडत होते. मी उठून बाहेर आले. भाऊ मांगरामागच्या जुन्या कलमावर, साधारण अठरा फुटांवर. डावा हात वरच्या फांदीला, उजव्या बगलेत झेल्याची, म्हणजे आंबे काढायच्या जाळीची, काठी. ते उतरायलाच लागले होते.

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या पाठीमागे उगवतीच्या फांदीला आठ-दहा दिसतायत. तेवढे घ्या, पेटी पुरी होईल."

"कुठं, काकू?" म्हणत त्यांनी मान वळवली.

मान वळली, मग खांदा वळला आणि बगलेतली काठी फांद्यांच्या बेचक्यात अडकली. पुढचं मला नीट दिसलं नाही. आवाज तेवढा आठवतो. भरलेला क्रेट टेम्पोतून खाली टाकला की येतो तसा.

ते उभेच पडले. दोन्ही टाचा कातळावर आपटल्या आणि मग बसल्यासारखे कोसळले. रक्ताचा थेंब नाही. शुद्धीत होते. "काय नाय झालं, पाय मुरगळला," असं स्वतःच म्हणाले आणि आम्ही ते खरं मानलं. त्यांना उचलून बुंध्याला टेकवून बसवलं, पाणी पाजलं. चौघांनी काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून त्यांना टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तो आकडा आमच्या मांगराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलाही होता. पण गाडी दारात उभी होती, मग रुग्णवाहिकेची वाट कोण बघणार?

हाडांच्या डॉक्टरांनी टाचांचा एक्स-रे पाहिला आणि लगेच कमरेचाही काढायला सांगितला. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा मणका तपासल्याशिवाय त्याला हलवायचं नसतं, कारण टाचेला बसलेला धक्का पायातून सरळ कण्यात चढतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. भाऊंचा कमरेचा मणका दबला होता. "यांना बसवून कोणी आणलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान खाली घातली. पाठ, मान, डोकं एका रेषेत ठेवून, न वाकवता, फळीवर घेऊन आणायला हवं होतं. मज्जारज्जू वाचला होता. तुटलेला मणका वाकवल्यावर तो वाचतोच असं नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले. आज आमच्या मांगरात जुन्या घराचं एक दार आडवं ठेवलेलं असतं. त्यावर आंबे ठेवायचे नाहीत, पोती ठेवायची नाहीत. वाचणाऱ्यांतल्या बागायतदारांना माझं हे एक सांगणं आहे: पडलेला माणूस बोलतोय, हसतोय, उठू बघतोय, तरी त्याला उठू देऊ नका.

पुढचे दोन महिने घरी जो यायचा तो तेच तेच बोलायचा. भाऊंचा पाय घसरला. हात सुटला. वेळ आली होती. एवढी वर्षं चढतोय, त्या दिवशीच कसा काय! या सगळ्या वाक्यांत पडणारा एकटा आहे. पाय त्याचा, हात त्याचा, वेळ त्याची. त्या वाक्यांत मी कुठेच नव्हते, पावणेसहाची वेळ नव्हती, साडेसहाची गाडी नव्हती, अपुरी पेटी नव्हती. मला ते सोयीचं होतं हे मी नाकारत नाही.

आषाढात मी भाऊंच्या घरी गेले. ऑपरेशन होऊन ते खाटेवर होते, कमरेला पट्टा. वहिनींनी चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि शेवटी विचारलं, "भाऊ, फांदी मोडली का हो?"

ते म्हणाले, "फांदी कशाला मोडेल, काकू? मी तुमच्याकडं बघितलं."

रागाने नाही म्हणाले. जसं झालं तसं सांगितलं. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी ऐकलं होतं, त्याही काही बोलल्या नाहीत. घरी परतताना पाखाडी उतरत होते तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे पडणं अठरा फुटांवर झालंच नव्हतं. ते खाली, मांगराच्या पडवीत, पेट्या मोजताना सुरू झालं होतं.

शाळेत मी दहावीला मुक्त पतन शिकवायचे. किती वर्षं शिकवलं! टेबलावरून खडू खाली टाकायचा, फळ्यावर सूत्र लिहायचं. त्या पावसाळ्यात मी तेच सूत्र हजेरीच्या वहीत मागच्या पानावर मांडलं. अठरा फुटांवरून पडायला एक सेकंद लागतो आणि जमिनीवर आदळताना माणसाचा वेग ताशी ३७ किलोमीटर असतो. नऊ फूट धरले तर उंची निम्मी होते, वेग मात्र ताशी २६ वर राहतो. म्हणजे शिडीवरून पडणंही किरकोळ नाही. आणि जमीन मऊ असेल तर ती थोडी दबते, धक्का थोडा पसरतो. कातळ दबत नाही. मग जे दबायचं ते माणसाच्या हाडांतच दबतं. एका सेकंदात माणूस काहीही करू शकत नाही, फांदी पकडू शकत नाही, सावरू शकत नाही. त्याला वाचवायचं ते त्या सेकंदाच्या आधी.

पुढच्या हंगामात मी एक वही केली. तिच्यावर 'थोडक्यात वाचलो' असं लिहिलं. संध्याकाळी पगाराचा हिशेब झाला की प्रत्येकाला विचारायचं, आज कुठे तोल गेला? पहिले आठ दिवस कोणी काही सांगेना. चढणाऱ्याला तोल गेला असं म्हणायची लाज वाटते, आणि त्याहून मोठी भीती अशी की उद्या बोलावणार नाहीत. मग मी आधी सांगायला सुरुवात केली, मी कुठे चुकले ते. भाऊंचं सांगितलं. त्यानंतर वही भरायला लागली, आणि जे बावीस वर्षांच्या शिकवण्यात नव्हतं ते त्या वहीत आलं.

झेला अडकतो हे त्यात सगळ्यांत जास्त वेळा आहे. काठीच्या टोकाची जाळी आंब्याला लावून पात्याने देठ कापायचा असतो. देठ जून असला की पातं अडतं, माणूस जोर लावतो आणि देठ अचानक तुटला की तो जोर उलटा अंगावर येतो. तोल जातो तो मागे. पुढे फांदी असते, मागे काही नसतं. एकाने सांगितलं, पात्याला धार असली की असं होत नाही. इतकी साधी गोष्ट! आता रोज सकाळी झेल्यांची पाती कानस मारून ठेवतात.

मग भिरूड. खोड पोखरणारी ही अळी फांदी आतून खाते, बाहेरून साल तशीच राहते, पालवीही येते. फांदीच्या सांध्यात भुसा आणि डिंक दिसला तर ती फांदी पायाखाली घ्यायची नाही. बांडगूळ असलेल्या फांद्याही तशाच, बांडगुळापलीकडचा भाग वाळत जातो. सकाळी दहिवराने साल ओली असते, नऊच्या आधी चढायचं नाही हे कोणीतरी वहीत सांगितलं आणि पुढे नियम झाला. तांबड्या मुंग्या डोळ्याशी चावल्या की हात आपोआप फांदी सोडतो. खिशातला मोबाइल वाजला की हात आपोआप खिशात जातो. ही तर हाकच, फक्त दुसऱ्या गावातून आलेली. आता चढणाऱ्याचे मोबाइल मांगरात एका टोपलीत.

एक नोंद वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आमच्या बागेत नेपाळहून दोघे येतात, दिवाळीनंतर येतात आणि पाऊस लागताना जातात. आमच्या भागातल्या बहुतेक बागा आता अशाच माणसांवर चालतात. वाडीतली तरुण मुलं मुंबईला, चिपळूणच्या कारखान्यांत. या दोघांतला धाकटा थोरल्याला दाजू म्हणतो, आम्हीही दाजूच म्हणतो. दाजूने सांगितलं ते असं: रात्री माकडांसाठी आणि चोरांसाठी जागायचं, फटाके लावायचे, पहाटे डोळा लागतो आणि सातला झाडावर. वर गेल्यावर डुलकी आली होती. मी त्यांना रात्रीची राखण आणि दिवसाची काढणी अशी दोन्ही कामं देत होते, तीन वर्षं, आणि दोन्हीचे पैसे देते म्हणून मला ते न्यायाचं वाटत होतं. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. लांबून आलेला माणूस मालकाला नाही म्हणत नाही. तो वर जाईल, ओल्या झाडावर जाईल, तापात जाईल. त्याचं 'हो' म्हणजे तयारी आहे असं धरणं ही आपली चूक. राखणीला मी वेगळा माणूस ठेवला.

पट्ट्याची गोष्ट सांगायला हवी. गावातल्या एका गवंड्याच्या घरी मी पत्र्याची पेटी पाहिली. बांधकाम कामगार मंडळाकडून नोंदणी झालेल्या कामगारांना ती मिळते. तीत हेल्मेट, बूट, टॉर्च, मच्छरदाणी आणि उंचावर काम करताना अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा. त्याने तो कधी वापरला नव्हता, पेटीतल्या पिशवीतूनही काढला नव्हता. मी मागितला, त्याने दिला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यांचं मंडळ चालतं. त्याच गावात, त्याच उंचीवर, कलमावर चढणाऱ्या माणसाला असं काहीच नाही. इमारतीवरून पडणारा कामगार असतो आणि झाडावरून पडणारा नुसता पडतो. यात कोणाची चूक आहे ते मला सांगता येणार नाही, पण हे बरोबर नाही हे मी ठामपणे सांगते.

तो पट्टा आम्ही वापरला आणि त्याच्या मर्यादाही कळल्या. दोरी लांब असेल तर पंधरा फुटांवरचा माणूस दोरी ताणायच्या आत जमिनीला लागतो. दोरी आखूड हवी, कमरेच्या वर बांधलेली हवी, आणि मनगटाएवढ्या फांदीला नाही तर मांडीएवढ्या फांदीला. आणि पट्ट्यात लोंबकळणारा माणूस तसाच ठेवायचा नसतो, पाय लोंबत राहिले की रक्त खाली साठतं आणि थोड्या वेळात त्याला भोवळ येते. म्हणून खाली एक माणूस आणि एक शिडी असल्याशिवाय पट्टा बांधून कोणी चढायचं नाही. सुरुवातीला कोणी तो घालायला तयार नव्हतं. "दोन हात एक पाय, नायतर दोन पाय एक हात, कायम झाडाला पायजे," असं मी वाचून आलेलं सांगत होते, तेव्हा एक जण म्हणाला, "मग आंबा दातानं काढू, काकू?" त्याचं बरोबर होतं. झेल्याला दोन हात लागतातच. दोन्ही हात कामाला हवे असतील तर धरायचं काम दोरीने करायला हवं, हे त्याच्या प्रश्नातून मला कळलं आणि मी त्याला तसंच सांगितलं. पट्टा पहिल्यांदा त्यानेच घातला.

या सगळ्याला शेजारपाजारचे बागायतदार नाराज होते. नऊनंतर चढायचं, पाचला उतरायचं, पेटीवर मजुरी नाही तर दिवसावर. "काकू, तुमच्यामुळे आमचे गडी बिघडतील." मला त्यांची अडचण कळते. माझाही माल त्या वर्षी कमी गेला. पण पेटीमागे पैसे ठरले की माणूस शेवटच्या फांदीवर जातो, हे मी माझ्या हजेरीच्या वहीतच पाहिलंय. पेटीवर मजुरी होती तेव्हाच्या संध्याकाळच्या दोन तासांत जेवढा माल यायचा, तेवढा दिवसाच्या मजुरीत येत नाही. तो जास्तीचा माल कुठून यायचा? जिथे जायला नको तिथून.

तरीही मूळ दुखणं झाडाच्या उंचीत होतं. दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवून लावलेल्या बागा सुरुवातीला मोकळ्या दिसतात. पंचवीस-तीस वर्षांत फांद्या एकमेकांना भिडतात, खाली ऊन येत नाही, मग झाड उजेडासाठी वर जातं आणि फळ शेंड्याला धरतं. फळ वर गेलं की माणूस वर जातो. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणात जी लागवड झाली, ती कलमं आता या वयाला आली आहेत. म्हणजे आपल्या बागा दरवर्षी थोड्या उंच होत चालल्यात आणि चढणारी माणसं दरवर्षी थोडी कमी आणि थोडी म्हातारी.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस केलेली आहे, हे मला माहीत होतं. धीर होत नव्हता. सासऱ्यांनी डोक्यावरून माती आणून वाढवलेली झाडं, त्यांच्या माथ्यावर करवत कशी चालवायची! जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात किनाऱ्याला लागलं, आम्ही त्या मानाने सुटलो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मात्र आमची अकरा कलमं आडवी झाली आणि कितीतरी फांद्या नुसत्या पिचल्या. पिचलेली फांदी तुटलेल्या फांदीपेक्षा वाईट. ती वर राहते आणि कोणीतरी तिच्यावर पाय ठेवायची वाट बघते. त्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं. ऑक्टोबरात चाळीस झाडं पंधरा-सोळा फुटांवर उतरवली, पुढच्या दोन वर्षांत बाकीची. कापणीचं हे कामच सगळ्यांत धोक्याचं असतं, म्हणून दोरखंड लावून फांदी सोडणारे जाणते लोक बोलावले, घरचे गडी लावले नाहीत. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, नव्या फुटव्यांतले चार-पाच ठेवून बाकी काढायचे, भिरडावर लक्ष. तीन वर्षं त्या झाडांनी काही दिलं नाही. दागिने गहाण ठेवून ती वर्षं काढली. आता चौथ्या वर्षी आंबा धरलाय, आणि त्यातला बराचसा जमिनीवर उभं राहून, लांब काठीच्या झेल्याने निघतो. काठी फायबरची घेतली. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची काठी बागेवरून जाणाऱ्या तारांना लागली तर माणूस पडायच्या आधीच जाईल.

उरलेल्याला शिडी. बांबूची निसण आम्ही काढून टाकली. तिच्या पायऱ्या सुंभाने बांधलेल्या होत्या, सुंभ उन्हाने कुजलेलं बाहेरून कळत नाही. आता तीन पायांची घडीची शिडी आहे. सरळ शिडी लावायचीच झाली तर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, आणि कातळावर पाय सरकू नयेत म्हणून खाली वाळूचं पोतं.

वहीत बायकांच्या नोंदी नव्हत्या. माझ्या ते लक्षात यायला दोन वर्षं लागली. त्या झाडावर चढत नाहीत, म्हणून त्यांना विचारायचं मलाही सुचलं नाही. विचारलं तेव्हा एकीने लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून नडगीवरचा व्रण दाखवला. आमच्या बागेतून मांगराकडे यायला दगडी पाखाडी आहे. डोक्यावर वीस किलोचा क्रेट, एक हात क्रेटला, मान वळवता येत नाही, पायाखालची पायरी दिसत नाही आणि पायरीवर पातेरा साठलेला. पातेऱ्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि सुका पातेरा तेलासारखा सरकतो. त्या घसरतात, बसतात, उठतात, क्रेट पुन्हा डोक्यावर घेतात. त्याला कोणी पडणं म्हणत नाही. आम्ही पाखाडीच्या कडेला बांबूचा कठडा घातला, पायऱ्या रोज सकाळी झाडायच्या ठरवलं, आणि चढाच्या तुकड्याला डोक्याऐवजी दोघींनी मिळून क्रेट धरायचा. गडग्यावरून उडी मारून जायची वाट बंद करून तिथे चार चिरे लावले. या कामाला दोन दिवस आणि किरकोळ पैसे लागले. बारा वर्षं ते लावले नव्हते.

नारळाच्या बाबतीत केरळने आपल्यापुढे जाऊन काम केलंय. तिथे चढणारे मिळेनात म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राने चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पायाला अडकवायच्या दोन फाळक्या आणि तारेचे फास असं ते साधं यंत्र. मुलीही शिकल्या. शिक्षणाबरोबर अपघाताचा विमाही दिला. आपल्याकडे माडावर चढणाऱ्याचा पोरगा चढत नाही, आणि त्याचं कारण विचारलं तर तो बापाच्या गुडघ्यांकडे बोट दाखवतो.

विम्याचं बोलते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडणं धरलेलं आहे, मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. म्हणजे माझ्या बागेत मी पडले तर ती मला लागू आहे. मी पडत नाही, मी खाली असते. जो वर असतो त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. भाऊंचं नव्हतं, दाजूचं असायचा प्रश्नच नाही. ज्यांचं बँकेत खातं आहे त्यांच्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते, तिचा हप्ता मी सगळ्यांसाठी भरते. शिडीला जेवढा खर्च आला तेवढ्यात वाडीतल्या सगळ्यांचा विमा किती वर्षं भरला असता याचा हिशेब मी केला आणि मला माझीच शरम वाटली. तरी वीस रुपयांचा विमा मोडलेला मणका सांधत नाही. भाऊंच्या ऑपरेशनचा आणि पुढच्या वर्षभराचा खर्च मी केला. ते उपकार नव्हते, देणं होतं.

भाऊ तीन वर्षं बागेत आले नाहीत. काठी घेऊन चालायला लागले तरी या बाजूला फिरकले नाहीत. मी बोलावलंही नाही, कुठल्या तोंडाने बोलावणार? मग झाडं उतरवायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे विचारायला गेले, कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची. ते आले. मांगरामागच्या त्या कलमाखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग काठीने दाखवायला लागले.

आता काढणीच्या दिवसांत ते रोज सकाळी येतात. कोणत्या झाडावर चढायचं आणि कोणत्या नाही ते भाऊ ठरवतात, मी नाही. ते बुंध्याशी भुसा बघतात, सालीवर हात फिरवतात, चढणाऱ्याला रात्री झोपलास का विचारतात. झाडावर माणूस असेल तेव्हा बोलायचं झालं तर एकच शब्द, 'थांब', आणि तोही फक्त भाऊंनी. बाकी सगळं चढायच्या आधी ठरलेलं असतं. आंबे कुठे आहेत ते आधी खाली उभं राहून दोघांनी मिळून बघायचं. राहिले तर राहिले. गेल्या मे महिन्यात मांगरामागच्या कलमाच्या शेंड्याला सात आंबे तसेच राहिले, पक्ष्यांनी खाल्ले. भाऊंनी नाही म्हटलं होतं.

बागायतदार भावा-बहिणींनो, मोहोर धरला की आपण सगळेच फवारणीच्या आणि गाडीच्या धावपळीत असतो. या वर्षी पहिली पेटी भरायच्या आधी एक दिवस काढा. वर चढणाऱ्या माणसाला सोबत घ्या, प्रत्येक झाडाखाली त्याच्याबरोबर उभे राहा आणि त्याला विचारा, यातल्या कुठल्या झाडावर तुला जायला नको वाटतं. तो सांगेल त्या झाडाला खूण करा, आणि हंगाम संपेपर्यंत ती पुसू नका.